भुकेला कोंडा

टोकियो, २ डिसेंबर १९६२

किनू,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल दोन गोड वाक्यं लिहायची असतात. ती मी लिहिली आहेत असं समज. इथे हवा नाही. पाणी आहे, ते डोक्यावर गळतं. आम्ही जमिनीखाली बोगदा खणतोय आणि वर शहर आहे म्हणतात, मी अजून नीट पाहिलेलं नाही.

पोचलो, बरा आहे. मजुरांच्या बराकीत एका खोलीत आम्ही आठ जण. शेजारच्या अंथरुणावर सेइतारो नावाचा अकिताकडचा माणूस आहे. माणूस देवासारखा, पण घोरतो असा की सुरुंग लावायची गरज पडू नये. म्हणतात ना, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. त्यातला धोंडा मिळाला, कोंडा मात्र नाही. भात आहे, किनू, भात! पांढराशुभ्र, तिन्ही त्रिकाळ, हवा तेवढा, जवाचा एक दाणा नाही त्यात. सोबत मुळ्याचं लोणचं आणि मिसोचं कढण, ज्यात मिसो नुसता पाय धुऊन गेलाय. पण असल्या भाताला तोंडी लावणं हवंय कशाला? आपण पिकवतो तो तांदूळ विकतो आणि घरी जवात चार शितं टाकून खातो. इथे मी जमीनदारासारखा जेवतो. तू बघितलंस तर म्हणशील, हा मेला कामाला गेलाय की लग्नाला.

आता मालकिणीचं सांग. तिच्यासाठीच हे बोगदे खणणं चाललंय. अशी पांढरी कातडी आणि असा घट्ट लाल रंग आपल्या डोंगरात दुसऱ्या कुणाच्या तळ्यात नाही, हे आपल्यावर जळणारेसुद्धा कबूल करतात. येत्या जूनमध्ये तिने अंडी दिली, आणि त्यातली मूठभर पिल्लं जरी आईवर गेली, तरी पुढच्या हिवाळ्यात मी उसुदानी सोडणार नाही. लग्न झाल्यापासून एकही हिवाळा मी तुझ्याबरोबर काढलेला नाही. तू एकटी छतावरचा बर्फ उपसतेस आणि मी इथे उंदरासारखा जमीन उकरतो. पुरे झालं आता.

तळ्याचं पाणी गार झालं की खाणं बंद कर. कोई जातीच्या माशाला जठर नसतं, थंड पाण्यात खाल्लेलं आतच कुजतं. बाबांना दया येऊन ते चोरून टाकत बसतील, त्यांच्यावर लक्ष ठेव. त्यांना बोलता येत नसलं तरी लाड करता येतात.

तुझा,
तोकुजी


उसुदानी, १४ डिसेंबर

अहो,

बर्फ पडतोय. झालं हवापाणी.

जमीनदारांना भात मानवतोय हे वाचून आनंद झाला. इथे आम्ही कोंड्याचा मांडा करून खातोय आणि तुम्ही तिथे पोट पुढे काढून फिरताय. येताना दारातून आत मावाल एवढंच बघा.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. लपवायचं ठरवलं होतं, पण जूनमध्ये तुम्ही तळ्याकाठी उभे राहाल तेव्हा काय लपणार? मालकिणीची पाठ बसली आहे.

तळ्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडायला गेले तेव्हा दिसलं. डोकं होतं तेवढंच आहे आणि मागची पाठ सुरीसारखी झाली आहे, दोन्ही बाजूंचं मांस कुणी चमच्याने कोरून काढल्यासारखं. तळ्यातल्या दोघी धाकट्या माद्यांचं तेच. तिसरी उलटी तरंगत होती. मी ती काढून बर्फात पुरली, बाबांना दिसू दिली नाही.

मग मी माळ्यावर गेले. तुम्ही उन्हाळ्यात रेशमाच्या किड्यांचं नवं पोतं आणलं होतंत ना, सुकवलेल्या किड्यांचं, माशांना खायला? ते पोतं अजून शिवलेलं आहे. बाबांनी हात लावलाय मागच्या जुन्या पोत्याला. उघडलं तर वास असा की डोळ्यांतून पाणी. तेल सुटून काळं पडलेलं, खवट. तुम्ही कापणीत होता, मी वाळवणात होते, खाणं घालायचं काम बाबांचं. संपूर्ण शरद ऋतूभर त्यांनी मालकिणीला ते घातलं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची जीभ गेली एवढंच आपण धरून चाललो. नाकही गेलंय हे कुणाला ठाऊक?

पोतं घेऊन उतरले तर बाबा शिडीखाली उभे होते. सुनेने सासऱ्याला जे बोलू नये ते सगळं मी बोलले. म्हटलं, "स्वतःच्या हाताने मुलाचा गळा कापलात." त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर किडे नाकाशी धरले, पुन्हा धरले. मग माझ्याकडे बघत राहिले. वास येतच नव्हता त्यांना. त्या दिवसापासून ते तळ्याकडे फिरकत नाहीत. आगटीजवळ भिंतीकडे तोंड करून बसतात.

आता काय करू ते लवकर कळवा. मला माशांतलं कळतं तेवढंच, जेवढं तुम्ही सांगता.

किनू


टोकियो, २२ डिसेंबर

किनू,

बाबांना बोलू नको. बोललीस ते झालं, आता पुन्हा नको. चूक माझी आहे, जुनं पोतं मीच टाकायला हवं होतं. फुकट जाऊ नये म्हणून ठेवलं. आपल्या घरात काहीही फुकट जाऊ देत नाहीत, त्यातलंच हे.

हा रोग ऐकलेला आहे. मत्स्यकेंद्रातला माणूस गावात भाषण द्यायला आला होता तेव्हा अर्धं गाव झोपलं होतं, मी जागा होतो. किड्यांचं तेल खवट झालं की ते माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, मग पाठीचं मांस झडतं. रोग जडला तरी सगळे मरतात असं नाही. किडे बंद. मालकिणीला आत आणून आगटीजवळच्या हौदात सोड. विहिरीचं पाणी तळ्यापेक्षा ऊन असतं, त्यात ती थोडं खाईल. गव्हाचं पीठ आणि ताजा कोंडा मळून त्यात मी पाठवतोय ते तेल थेंबभर घाल. ते गव्हाच्या अंकुराचं तेल आहे, त्यात ई असतं. एका वेळेपुरतंच मळ, उरलेलं टाकून दे, ठेवलं की जीवनसत्त्व मरतं. बर्फाखाली पुरलेल्या कोबीचं पान बारीक चिरून घाल, ते सी साठी. कच्चे शिंपले अजिबात नको. आणि कोंडा चुकवू नको. कोंड्यात बी-वन असतं. ते कमी पडलं की माशाच्या नसा जातात, तोल सुटतो आणि तो कुशीवर पोहायला लागतो. एवढं सगळं मला पाठ आहे. शाळेत असं पाठ असतं तर आज मास्तर झालो असतो.

तेलाची गंमत ऐक. औषधाच्या दुकानात चष्मेवाला म्हातारा बसला होता. म्हटलं, "ई जीवनसत्त्वाचं काहीतरी द्या."

"कुणासाठी?"

"मालकिणीसाठी."

"वय?"

"आठ."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "तक्रार काय आहे?"

"पाठ बसली आहे. आणि जूनपर्यंत अंडी द्यायची आहेत तिला."

मासा आहे हे सांगितल्यावर तो इतका हसला की त्याची बायको आतून बाहेर आली. मग हसता हसता थांबला आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुमचाच चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. पाय जड होतात का? ही बी-वनची बाटली पण घेऊन जा." दुकानदार तो दुकानदार. एक मागितली की दुसरी गळ्यात मारायला टपलेला. म्हटलं, "मासा आजारी आहे, मी नाही," आणि तेल घेऊन बाहेर पडलो.

पाय तेवढे गार पडतात इथे, रबरी बुटात दिवसभर पाणी. परवा बराकीत चालताना एक चप्पल मागेच राहिली आणि मला पत्ताच नाही. सेइतारो चप्पल हातात नाचवत आला, "जमीनदार, पादत्राण!" म्हणून. सगळी खोली हसली.

मालकिणीला जगव, किनू. बाकी काही मागत नाही.

तोकुजी


उसुदानी, ३ जानेवारी १९६३

अहो,

नवं वर्ष लागलं. देवापुढे तांदळाची मोची ठेवली, तुमचं ताट मांडलं आणि मग तुमच्या ताटातलं मीच खाल्लं.

तेल पोचलं. बाटली फुटू नये म्हणून तुम्ही तुमचा लोकरी मोजा गुंडाळलात, आणि वर लिहिता पाय गार पडतात! धन्य आहे. माशाला मोजे आणि नवरा अनवाणी.

मालकीण आत आहे. मी नि शेजारचा योनेझो मिळून ओल्या चादरीत धरून आणली. पहिले दोन दिवस तोंड उघडलं नाही. काल पिठाची गोळी तोंडात घेऊन थुंकली, आज घेतली आणि गिळली. मी हौदाशी बसून रडले, कुणाला सांगू नका. मूल नाही म्हणून गावातल्या बायका मला टोमणे मारतात, आता म्हणतील माशालाच न्हाऊमाखू घालते. घालते, म्हणावं.

चेहरा सुजल्यासारखा दिसतो म्हणजे भरलाय, ते मला बरं वाटलं. नाहीतर हिवाळ्याच्या कामाहून परत येता तेव्हा नुसती हाडं येतात. बसल्या जागी जमीनदारी अंगाला लागली म्हणायची.

बाबांचं मात्र काही खरं नाही. तुमचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. औषधवाल्याची गंमत वाचली, मला वाटलं हसतील. मी चपलेच्या गोष्टीपर्यंत आले आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले ते एकदम वळले. माझा हात धरून कागदाकडे बोट दाखवलं, पुन्हा वाच म्हणून. पुन्हा वाचलं. मग आपल्याच गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने फटाफट मारायला लागले. पाय उडतोय आणि हे मारताहेत. मी घाबरले. गुडघा ठणकत असेल म्हणून शेक दिला तर माझा हात झटकला. आणि बोलले. झटका आल्यानंतर पहिल्यांदा घरात त्यांचा शब्द ऐकला. "कोंडा."

मी म्हटलं, "घातला बाबा, मालकिणीला घातला."

जोरजोरात मान हलवली. "कोंडा. त्याला." आणि पुन्हा गुडघ्यावर हात.

मग स्वतः उठून कोठीतून ताजा कोंडा आणला, आपल्या फडक्यात बांधला, गाठीवर गाठ मारली आणि माझ्यापुढे ठेवला. तुम्हाला पाठवायचा म्हणे! मी म्हटलं, "बाबा, कोंडा माशांना घालतात. तुमचा मुलगा मासा नाही." ऐकतील तर शपथ. जेवेनात. शेवटी सांगितलं, "धाडला, बाबा." तेव्हा कुठे घास घेतला. त्या खवट पोत्यापासून त्यांच्या डोक्यात मासे आणि मुलगा यांचा काला झालाय. माशांचं खाणं नवऱ्याला पोस्टाने पाठवून मी गावात हसं करून घेऊ का?

त्याऐवजी तांदूळ पाठवतेय. आपला, वरच्या खाचरातला. विकायचा राहिलेला सगळा. गिरणीवर दोनदा सडून घेतला, कोंड्याचा कणही राहू दिला नाही, हातात घेतला तर मोत्यासारखा. बराकीतला तांदूळ कुठला कोण जाणे. तुम्ही मालकिणीसाठी एवढं केलंत, तर मी तुमच्यासाठी एवढं करू नको?

किनू


टोकियो, १९ जानेवारी

किनू,

अक्षर बघून घाबरू नको, सेइतारो लिहितोय. यंत्र धरून माझ्या बोटांना मुंग्या येतात, पेन धरवत नाही. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आता त्याचं नाक वर जाईल.

तांदूळ मिळाला. पिशवी उघडली आणि सगळी खोली गोळा झाली. सगळे वाकून बघत होते. तो वास! आपल्या खाचराच्या बांधावर उभा असल्यासारखं वाटलं. इथे सगळ्यांचं तोंड वाकडं झालंय, कारण नव्या वर्षापासून मुकादमाने भातात जव मिसळायला सुरुवात केली. जमीनदारी संपली. सेइतारो आणि मंडळी शिव्या देत जव गिळतात आणि मी कोपऱ्यातल्या शेगडीवर माझ्या बायकोचा तांदूळ शिजवतो. देऊ केला तर घेत नाहीत. "वहिनींनी तुझ्यासाठी पाठवलाय, तूच खा," म्हणतात. तोंडी लावायला काही लागत नाही, मीठ पुरतं. भूक जरा कमी झाली आहे, पण तुझा भात उतरतो.

बाबांना कोंड्यावरून चिडवू नको. त्यांना वाटू दे पाठवला म्हणून. म्हातारपणी माणसाला काहीतरी उपयोगाचं केल्यासारखं वाटलं पाहिजे.

मालकिणीने गोळी गिळली ते वाचून मी ओरडलोच. आता हळूहळू वाढव. पाणी गार असेल तर घालू नको.

तोकुजी

मी सेइतारो. वहिनी, तो सांगतो ते मी लिहिलं आहे. जे लिहू नको म्हणाला ते लिहिलेलं नाही.


उसुदानी, १२ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र काल मिळालं. असा बर्फ गावाने पाहिलेला नाही. गाड्या बंद, रस्ता बंद, खिडक्यांवर बर्फ आहे आणि आम्ही दुपारीसुद्धा दिवा लावतो. पोस्टमन येऊन बसला तेव्हा त्याच्या भुवयांना बर्फाच्या काड्या होत्या. चहा पाजला. छत मी रोज उपसते, हात अजून चालतात.

सेइतारोंना विचारा, लिहू नको म्हणालात ते काय होतं. माझ्यापासून काय लपवायचंय? दारू पिऊन पडला असाल तर लिहा, मी रागावणार नाही. थोडीच रागावेन.

चांगली बातमी आधी सांगायला हवी होती. मालकीण भरतेय! पाठीला हात लावला तर मांस लागतं. पाणी बदलायला गेले की वर येते आणि माझी बोटं चोखते. धाकटी एक गेली, दुसरी तगली. तुमचं तेल संपत आलं. गोळीला लागणारा कोंडा कोठीतून काढायला बर्फ खणावा लागला असता, म्हणून बाबांनी बांधलेलं ते फडकं सोडलं आणि त्यातलाच वापरतेय. बाबा झोपलेले असताना घेते. बघितलं असतं तर तुम्हाला धाडला नाही हे कळलं असतं.

योनेझो बर्फावरून चालत स्टेशनपर्यंत जातोय, पलीकडून गाड्या सुरू झाल्यात म्हणे. त्याच्याबरोबर दुसरी पिशवी पाठवतेय, आमच्या जेवणातला तांदूळ काढून. आम्हाला जव आहे. तुम्हाला भूक कमी लागते म्हणता, तर जे उतरतं ते तरी पुरेसं असू दे. पिशवी देताना तमाशा झाला. बाबा जाऊन पिशवीवर बसले! उठेनात. पुन्हा तेच, गुडघ्यावर हात, "कोंडा, कोंडा." योनेझो म्हणाला, "आजोबा, तुमची दक्षिणा नंतर देतो, आता उठा." मी एका हाताला आणि तो दुसऱ्या हाताला धरून बाजूला केलं. हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. ते रडले. लहान मुलासारखे पाय आपटून.

जून लांब नाही. पुढच्या हिवाळ्यात छत तुम्ही उपसायचं आणि मी आगटीजवळ बसून हुकूम सोडायचे.

किनू


टोकियो, २१ फेब्रुवारी

वहिनी,

तार मिळाली असेल. तारेत जे मावत नाही ते लिहितो. मला लिहिता येतं एवढंच, सांगता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

तोकुजी सोळा तारखेला पहाटे गेला. यंत्र पडलं नाही, दरड कोसळली नाही. लोक तेच विचारतील म्हणून सांगतो.

लिहू नको म्हणाला होता ते असं. जानेवारीपासून तो भिंत धरून चालत होता. उकिडवा बसला की त्याला उठता येत नसे, मी काखेत हात घालून उठवायचो. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहायचा. म्हटलं डॉक्टरकडे चल. म्हणाला, "मार्चपर्यंत रेटतो, मग घरी जाऊन निजतो. किनूला लिहिलंस तर ती मालकिणीला सोडून इकडे येईल आणि ती मरेल." पंधराच्या रात्री छातीत घोडा धावतोय म्हणाला. श्वास पुरेना. मुकादमाने डॉक्टर आणेपर्यंत उजाडायला आलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने तोकुजीला बाकाच्या कडेला बसवून गुडघ्याखाली छोट्या हातोडीने मारलं. पाय हलला नाही. दुसऱ्याला मारलं, तोही नुसता लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाला, हा बेरीबेरी आहे, पण आता तो कुणाला होत नाही, मी फक्त पुस्तकात वाचलाय. मला विचारलं, काय खायचा? मी सांगितलं, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं खायचा. बायकोने पाठवलेला, दोनदा सडून पांढरा केलेला तांदूळ. डॉक्टरने हातोडी पेटीत ठेवली. मग म्हणाला, दाण्यावरच्या कोंड्यात जे असतं ते नसलं की असं होतं. तुम्ही जव खाल्लात म्हणून उभे आहात. सुई टोचली, पण तोपर्यंत ओठ निळे पडले होते.

शेवटी शुद्धीवर होता. म्हणाला, "पाणी गार असेल तर घालू नको म्हणावं." तुमचं पत्र आणि दुसरी पिशवी तो गेल्यावर आली. आमच्याकडे रीत आहे, तुमच्याकडेही असेल, गेलेल्याच्या उशाशी वाडगाभर भात शिगोशीग भरून त्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवायच्या. तो भात आम्ही तुमच्या तांदळाचा केला. पांढरा शुभ्र झाला होता. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

बर्फ वितळला की अस्थी मी स्वतः घेऊन येतो.

सेइतारो


उसुदानी, २० जून १९६३

सेइतारोभाऊ,

एप्रिलमध्ये तुम्ही त्यांना पांढऱ्या फडक्यात छातीशी धरून चिखल तुडवत आलात, आमच्याकडे राहिलात, आणि मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय बाई आहे. बोलायला तोंड उघडलं असतं तर मी तुम्हालाच ओरबाडलं असतं. "बरं वाटेल म्हणून लिहिलं" असं तुम्ही लिहिलं होतंत. तुमचा दोष नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं की आमच्या घरात एक माणूस डिसेंबरपासून कोंडा पाठवा म्हणून ओरडत होता.

अंत्यविधीला योनेझोची आई भेटली, तिने सांगितलं. बाबांचा थोरला भाऊ लढाईवरून पाय सुजून घरी आला होता. गोळी लागली नव्हती. लष्करात पोटभर पांढरा भात मिळायचा म्हणून खुशीत भरती झाला होता. डॉक्टरने याच आगटीजवळ बसवून त्याच्या गुडघ्याखाली हात मारला, पाय हलला नाही, आणि बाबा तेव्हा लहान, बघत उभे होते. आईने कोंडा भाजून चारायला घेतला तोवर उशीर झाला होता. बाबांना शब्द सापडत नव्हता, एवढंच. खवट पोत्यानंतर मी त्यांचं काही ऐकायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

मी परत परत ह्यांची पत्रं वाचते. डिसेंबरच्या पत्रात त्यांनी मला सगळं लिहून दिलंय. कोंडा चुकवू नको, नाहीतर नसा जातात, तोल सुटतो. माशाबद्दल. बोगद्यात स्वतः भिंत धरून चालत होते आणि मला माशाचा तोल शिकवत होते. मी तरी काय वेगळं केलं? कोंडा मालकिणीला घातला आणि त्यांना मोती पाठवले. दोनदा सडून. नवऱ्याला विष घालणाऱ्या बाया ऐकल्या होत्या, सेइतारोभाऊ, पण त्या प्रेमाने घालत नसतील.

मालकीण जगली. तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. तिचा गळा दाबावा असं मला रोज वाटायचं. बर्फ गेल्यावर तिला तळ्यात सोडली, आणि गेल्या आठवड्यात तिने अंडी दिली. आता तळ्याच्या कडेने पिल्लांचा धूर दिसतो, बोट बुडवलं तर बोटावर येतात. गावातले येऊन बघून जातात. म्हणतात, तोकुजी असता तर. पुढच्या महिन्यात वेचणी करावी लागेल, शंभरातलं एखादं ठेवायचं, बाकीची सोडून द्यायची. ती नजर त्यांची होती, माझी नाही. बाबा काठावर बसतात आणि बोट दाखवतात, हे ठेव, हे टाक. पुन्हा तळ्याकडे यायला लागलेत. आता मी त्यांच्या बोटाकडे बघते.

घरी जवाचाच भात असतो. सडून पांढरा केलेला तांदूळ दारात येऊ देत नाही.

बाबांनी आपल्या हाताने उदबत्ती लावली, अस्थी पुरताना माती लोटली. त्यांना सगळं कळलं होतं. पण संध्याकाळपर्यंत विसरतात. ताटावर बसले की तळहाताच्या कडेने गुडघ्याखाली मारतात. पाय उडतो. मग माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "कोंडा? त्याला?"

पहिल्यांदा मी ताट सोडून बाहेर पळाले. त्या दिवशी ते उपाशी राहिले. आता पळत नाही.

"धाडला, बाबा," म्हणते. "पोचला."

मग ते जेवतात.

किनू